चौथा टवका

पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉन म्हणत, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेथवरचा माणूस केसभर फरक चालवून घेतो. निदान तो कुणाच्या नजरेला येणार नसेल तेव्हा तरी घेतोच. हे घेत नसत. दांडा जरासा बारीक कातला गेला, की दुसऱ्या कुणी मोजायच्या आत स्वतःच तो भंगाराच्या पेटीत टाकत आणि सुपरवायझरपाशी जाऊन सांगत, "माझ्या हातून गेला." सुपरवायझर वैतागायचा. "अहो, बसवला असता पंपात तर पाण्याला कळणार होतं का?" तोवर ते मशीनला नवा दांडा लावत. हे नाव पुढे कॉलनीतही पोचलं. शेजारपाजारचे त्यांना मायक्रॉनकाका म्हणू लागले आणि लेथ कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या त्यांच्या बायकोला उगाचच मायक्रॉनकाकू व्हावं लागलं.

निवृत्त झाल्यावर काकांचे हात रिकामे पडले. सुरुवातीचे दिवस बिजागऱ्या, नळ आणि खुर्च्यांचे पाय यांत गेले. मग घरात डुगडुगणारं, गळणारं, करकरणारं काही म्हणून उरलं नाही.

"आता सैल म्हणावी अशी एक माझी जीभ राहिलीय," काकू म्हणाल्या. "तिला मात्र हात लावू नका. बाहेर फिरून या जरा."

म्हणून ते संध्याकाळचे फिरायला जाऊ लागले. वस्तीच्या टोकाला नदीवर नव्या पुलाचं काम चाललं होतं आणि तिथे काम करणारा वेल्डर त्यांच्या कारखान्यातला जुना सोबती होता. त्याच्याशी चार गप्पा होत. काठाजवळच्या एका खांबाच्या पायासाठी खोल खड्डा खणला होता. खालच्या थरातल्या गोट्यांचा ढीग बाजूला पडला होता, त्यावर काका बसत. एकदा बसल्या जागी काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी खालचा दगड ओढून काढला. फेकायला हात उचलला आणि फेकायचं राहूनच गेलं.

दगड काळपट होता, बारीक कणांचा, तळहाताहून थोडा मोठा. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला निमुळता. मुठीत धरला तसा अंगठा आपोआप एका खोलगट जागी जाऊन बसला. त्यांनी तो फिरवून पाहिला. दोन्ही बाजूंनी टवके उडालेले होते, पण कसेही उडालेले नव्हते. एका बाजूचा टवका काढायचा, दगड उलटा करायचा आणि झालेल्या खाचेचाच आधार धरून दुसऱ्या बाजूचा काढायचा, अशी त्यात रीत होती.

"हा कुणीतरी केलाय," ते वेल्डरला म्हणाले.

वेल्डरने तोंडावरची काच वर करून पाहिलं. "कुणी?"

"ते मला काय माहीत? पण केलाय."

"मग त्याला म्हणावं, येऊन हजेरी लाव," असं म्हणून वेल्डरने काच खाली घेतली.

काकांनी दगड घरी आणून धुतला. धारेवर चुनखडीचा जाड थर बसला होता. तो काढायला त्यांनी लहान हातोडी घेतली आणि हलक्या हाताने टिचवायला बसले. थर निघाला, पण एका जागी त्याच्याबरोबर धारेचाही कपचा गेला आणि मधोमध खाच पडली. एवढ्या सुरेख कामातली ती खाच त्यांना बघवेना. मांडीवर फडकं घालून त्यांनी दगड उलटा धरला, खाचेच्या दोन्ही अंगांनी हातोडीच्या टोकाने बारीक टवके उडवले आणि धार पुन्हा सरळ रेषेत आणली. हे काही ठरवून केलेलं नव्हतं. हात गेला आणि काम करून मोकळा झाला. मग हत्यार ठेवताना आयुष्यभर करत आले होते तसा त्यांनी दगडावर तेलाचा बोळा फिरवला.

"दगडाला गंज चढतो वाटतं?" काकूंनी विचारलं.

"सवय," काका म्हणाले.

त्यानंतर काकांना दगडांचं वेडच लागलं. रोज ढिगावरून पिशवी भरून येई. कुणाला टोक होतं, कुणाला धार, कुणाला मुठीत बसेल असा खळगा. प्रत्येकात त्यांना कुणाचा तरी हात दिसे. बाल्कनी भरली, मग पलंगाखालची जागा भरली. "या घरात माणसं राहणार का दगड, ते एकदा ठरवा," काकू म्हणत. पण नवरा पुन्हा कशात तरी रमलाय याचं त्यांना बरंही वाटत होतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "ज्यांना यातलं कळतं त्यांना तरी नेऊन दाखवा."

शहरातल्या संग्रहालयात आदिमानवाच्या दगडी हत्यारांचा विभाग सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली, टेबलावर जाड कापड पसरलं आणि पिशव्यांमधला एकेक दगड भिंगाखाली धरून पाहू लागल्या. पाहिलेला दगड त्या उजवीकडे ठेवत होत्या. बराच वेळ गेला. डावीकडे काहीच नाही, हे काकांच्या लक्षात आलं, आणि उजवीकडचा ढीग म्हणजे काय तेही समजलं.

"काका, हे नदीने फोडलेत," बाई म्हणाल्या. "पुरात गोटे एकमेकांवर आपटतात, टवके उडतात. आणि हा तर पुलाच्या मशीनने फोडलाय. हा बघा दाताचा ओरखडा."

"पण हातात बसतो," काका म्हणाले.

"बसतो ना. हात कशालाही जुळवून घेतो. म्हणून हाताची साक्ष मी धरत नाही." त्यांनी एक दगड काकांपुढे फिरवला. "नदीला आधीचा घाव आठवत नाही. ती कुठेही मारते, कशीही. माणूस आधीचा घाव पाहून पुढचा मारतो. मी तेवढंच शोधत असते."

काकांना हे पटकन समजलं, नको इतकं समजलं. बाईंच्या हातातल्या पुढच्या दगडाकडे पाहून, त्या बोलायच्या आधीच, त्यांना कळलं की हाही नदीचा. त्याच्या पुढचाही. इतके दिवस त्यांनी ज्याच्याशी मनातल्या मनात बोलणं चालवलं होतं, तो कारागीर त्या टेबलावरून एकेक दगडागणिक नाहीसा होत गेला.

सगळ्यात शेवटी त्यांनी खिशातून तो पहिला दगड काढून दिला.

बाईंनी तो घेतला. उजेडाकडे धरला, उलटा केला, परत पहिल्या बाजूवर आणला. दगड उजवीकडे गेला नाही.

"हा कुठून आणलात?"

"खांबाच्या खड्ड्यातून. खालच्या थरातला."

"याच्या धारेला काही केलंत का? घासली, ठोकली?"

प्रश्न साध्या आवाजात विचारला होता. आयुष्यभर अशा प्रश्नाचं उत्तर काकांनी कुणी विचारायच्या आत दिलं होतं. पण उजवीकडे तो सगळा ढीग पडला होता, आणि त्यांच्याकडे हा एवढा एकच उरला होता.

"नाही," ते म्हणाले. "पुसला फक्त. तेल लावलं."

"अरेरे, तेल कशाला लावलंत?" बाईंनी मान हलवली. "नवा टवका फिका असतो, जुना काळवंडलेला. तेलाने सगळं एकाच रंगाचं होऊन बसतं, आणि मुरलेलं तेल पुसून निघत नाही." पण त्यांचे डोळे दगडावरून हलत नव्हते. "राहू दे माझ्याकडे. हे हत्यार असेल, तर तो खड्डा असा बुजवता येणार नाही."

पुढच्या गोष्टी काकांना वाटल्या होत्या त्याहून फार भराभर घडल्या. बाईंनी वरून परवानगी आणली. काठाजवळच्या खांबाचं काम थांबलं. खड्ड्याभोवती दोरी बांधली गेली आणि ब्रश, चाळण्या घेतलेली माणसं खाली उतरली. पुलावरच्या बऱ्याच जणांना घरी बसायला सांगितलं. त्यात वेल्डरही होता.

"तुझ्या त्या माणसाने स्वतः हजेरी लावली नाही ती नाहीच," तो काकांना म्हणाला, "माझी मात्र घालवली." हसत म्हणाला, पण नेहमीसारखा शेजारी येऊन बसला नाही.

चाळण्यांमध्ये गोट्यांवर गोटे येत होते आणि सगळे नदीचेच होते. बाईंच्या चेहऱ्यावर ताण दिसू लागला. मग एक दिवस त्यांच्या क्षेत्रातली तीन-चार ज्येष्ठ मंडळी पाहणीला आली. बाईंनी काकांना मुद्दाम बोलावून घेतलं, "हा दगड यांना सापडला," अशी ओळख करून दिली, खुर्ची दिली, कुणीतरी चहाचा कप हातात दिला. आलेल्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ दगड पाहून कुरकुरत होते. असे टवके नदीतही पडू शकतात, एका दगडावर किती भिस्त ठेवायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मागच्या बाजूबद्दल एखादा तसं म्हणेलही," बाई म्हणाल्या. "पण ही धार पाहा. इथे मधोमध." त्यांनी पेन्सिलीचं टोक नेमकं त्या जागी टेकवलं. "कसे एकाशेजारी एक बारीक टवके काढलेत, एका जोराने, एका कोनात. इथे दगड दगा देत होता आणि त्याने तो सावरलाय. हे नदीचं काम नाही. हा कसलेला हात आहे."

गृहस्थांनी भिंग डोळ्याला लावलं. थोड्या वेळाने म्हणाले, "हो. हे मात्र सुरेख आहे."

काकांनी चहाचा कप खुर्चीखाली ठेवला. कारखान्यात उभ्या आयुष्यात इतक्या मोठ्या माणसांनी त्यांच्या कामाला सुरेख म्हटलं नव्हतं. कुणाला काही न सांगता ते उठले आणि घरी चालत आले.

काकू स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. काका समोरच्या स्टुलावर बसले, एक शेंग उचलली, फोडली नाही.

"ती धार मी केलीय," ते म्हणाले.

काकूंना आधी समजेना. मग हातोडी, मांडीवरचं फडकं, तेलाचा बोळा, सगळं आठवलं. "आणि त्यांना काय सांगितलंत?"

"हात लावला नाही म्हणून."

काकू सोलायच्या थांबल्या. या माणसाच्या खरेपणाने त्यांनी आयुष्यभर डोकं धरलं होतं. आज तोच समोर असा बसला होता. "तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या.

"बाकीचा दगड माझा नाही गं. बाकीचा त्याचा आहे. मी फक्त तेवढी खाच सावरली. पण आता सांगितलं तर सगळाच खोटा ठरेल."

"आणि नाही सांगितलं तर तो खरा ठरणार आहे का?"

काकूंनी त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली. "उद्या सकाळी जा. मी येऊ का बरोबर?"

"नको," काका म्हणाले.

सकाळी बाई आपल्या खोलीत एकट्याच होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बाई खिडकीबाहेर बघत ऐकत राहिल्या. मग त्यांनी कपाटातून दगड काढला, कापडावर ठेवला आणि एक पांढरा खडू काकांपुढे सरकवला.

"तुमचे टवके कुठले, ते मला दाखवा."

काका बसले. चष्मा पुसला. पहिला टवका त्यांनी लगेच दाखवला, त्यावर खडूचा ठिपका दिला. शेजारचा दुसरा. खाचेच्या पलीकडचा तिसरा. हे सगळे हातोडीच्या टोकाचे, उथळ, लहान. मग खडू पुढे सरकला आणि चौथ्यापाशी थांबला. तो थोडा मोठा होता, तिरपा, बाकीच्यांच्या ओळीत अगदी बरोबर बसलेला.

"हा..." काका म्हणाले आणि थांबले.

"सावकाश बघा."

त्यांनी दगड मांडीवर घेतला, त्या दिवशी धरला होता तसा. उजवा हात हवेत वरखाली करून पाहिला. खाच सावरायची तर चौथा घाव इथेच बसायला हवा होता. त्यांनी तो इथेच घातला असता. पण ज्याने आधी काम केलं होतं, त्यालाही तो इथेच घालावा लागला असता. तेलाने दोन्हींचा रंग एक झाला होता. काकांनी नख फिरवलं, डोळे मिटून अंगठ्याने चाचपलं.

"मीही असाच काढला असता," ते म्हणाले.

"काढलात का?"

"माहीत नाही. मॅडम, मला खरंच कळत नाहीये."

बाईंनी दगड परत घेतला. "पलीकडच्या बाजूचं काम तुमचं नाही, हे मला पटतंय, काका. पण मला पटून उपयोग नाही. ज्याने इतके टवके काढले त्याने बाकीचे कशावरून काढले नाहीत, असं कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

"मी सांगेन ना. कुणापुढेही उभं करा मला."

"तुम्ही आधी 'नाही' म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

बाईंनी वर कळवलं. त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, हे काकांना नंतर दुसऱ्याकडून समजलं. बाईंनी स्वतः कधी तसं बोलून दाखवलं नाही. दोरी निघाली, चाळण्या गेल्या, पुलावरची माणसं कामावर परत आली. वस्तीत चार दिवस हसण्याचा विषय झाला. "मायक्रॉनकाकांनी आदिमानव घरच्या घरी तयार केला," असं कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला आणि ते कॉलनीभर झालं. काकूंनी त्याच्याकडे हवा भरायला जाणं बंद केलं. काकांना चेष्टेचं फारसं लागलं नाही. त्यांना लागलं ते असं, की कुणाला आता त्या दगडाबद्दल विचारायचंच नव्हतं. सगळ्यांच्या लेखी तो त्यांनी केलेला होता.

खड्ड्यात काँक्रीट ओतायचं होतं त्याच्या आदल्या दुपारी ते पुलावर गेले. वेल्डर त्यांना पाहून उठला. "झालं ते झालं. बैस," तो म्हणाला. काका बसले नाहीत.

"एकदा खाली उतरू दे मला."

वेल्डरने मुकादमाकडे पाहिलं, मुकादमाने दुसरीकडे पाहिलं, आणि काका शिडीवरून खाली उतरले. खाली ओलसर गारवा होता. खड्ड्याच्या भिंतीतून गोट्यांचा थर आडवा गेला होता. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. पूर्वी इथे त्यांना जिकडेतिकडे माणसाचा हात दिसायचा. बाईंनी शिकवल्यावर नदी दिसायला लागली. आता एकेका दगडावरून नजर फिरवली तर धड हेही वाटेना, धड तेही. त्यांना स्वतःच्या डोळ्यांचीच शंका येऊ लागली.

थराच्या खालच्या अंगाला मात्र एक काळा दगड जरासा पुढे आलेला होता. त्याची कड दिसत होती. त्या कडेवर एकाआड एक, इकडचा आणि तिकडचा, असे टवके होते. उरलेला दगड मातीत होता. काकांचा हात पुढे गेला आणि त्यांनी तो मागे ओढला. दोन्ही हात पाठीमागे धरून ते ओरडले, "तुझा फोन दे खाली."

वेल्डर स्वतःच फोन घेऊन उतरला. काकांनी त्याला फोटो काढून बाईंना पाठवायला लावलं, मग त्यांना फोन लावला.

"मॅडम, भिंतीत एक दगड आहे. मी हात लावलेला नाही. माझ्याबरोबर वेल्डर आहे, त्याला विचारा हवं तर. तो तसाच आहे, जिथल्या तिथे. तुम्ही येऊन बघा फक्त."

पलीकडे बाई फोटो बघत असाव्यात. "एवढ्या कडेवरून काही सांगता येत नाही, काका. नदीचंही वाटतंय, माणसाचंही."

"म्हणून तर म्हणतो, या."

"परवानगी रद्द झालीय. मी आता त्या खड्ड्यात पाय ठेवू शकत नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि मी पुन्हा मागितली, तर कोण सांगतंय म्हणून विचारतील."

काकांनी फोन परत दिला. वेल्डर म्हणाला, "अरे, काढून घेऊन जा ना घरी. कोण बघतंय?"

"नको," काका म्हणाले. "मी काढला की तो माझा झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काँक्रीट ओतायच्या आधीच खड्ड्याच्या कडेला येऊन उभे होते. ओतणाऱ्या माणसाला त्यांचं काय चाललंय ते माहीत नव्हतं. त्याने त्यांना मागे व्हायला सांगितलं, अंगावर उडेल म्हणाला. राखाडी लगदा तळाशी पसरला, सळ्यांमधून वर चढला, गोट्यांच्या थरापर्यंत आला आणि त्याच्याही वर गेला. कुठल्या क्षणी तो काळा दगड झाकला गेला हे काकांना नीट दिसलं नाही, कारण त्याच वेळी पाइप मध्ये आला.

घरी आले तेव्हा काकूंनी विचारलं, "खरा होता का हो?"

"कळणार नाही आता," काका म्हणाले.

त्या आठवड्यात दोघांनी मिळून बाल्कनीतले आणि पलंगाखालचे दगड खाली उतरवले. जिन्यात पुन्हा पुन्हा थांबावं लागत होतं, काकांचे गुडघे दुखत होते. कॉलनीच्या माळ्याने ते झाडांभोवती लावून घेतले.